आधी घरी ये

दाराची बेल वाजली आणि ती उठली. उठताना टेबलावरची पर्स तिने उचलली, काखेत धरली आणि दार उघडायला गेली. विजेचं मीटर बघणारा माणूस होता. मीटर बाहेर जिन्यातच, पण उंचावर. त्याला स्टूल हवं होतं. स्टूल आणायला ती वळली तेव्हा तिला दिसलं, की टेबलापाशी मटार सोलत बसलेल्या धाकट्या भावाचे हात थांबलेत. एक शेंग अर्धी उघडलेली, अंगठा तिच्या पोटात तसाच. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता, काखेकडे बघत होता. तिनेही खाली पाहिलं. पर्स. तपकिरी, कोपऱ्यात शिवण उसवलेली, वर्षानुवर्षं त्याच टेबलावर त्याच जागी लोळणारी. ती कशाला उचलली? स्टूल ओढत नेताना, मीटरवाला वर चढून डोळे बारीक करून आकडे वाचत असताना पर्स काखेतच राहिली, कारण आता ती ठेवायची कुठे हा प्रश्न झाला होता. परत टेबलावर ठेवली तर आपल्याला कळलं हे त्याला कळेल. नाही ठेवली तर आपल्याला कळलंच नाही असं तो समजेल, आणि ते जास्त वाईट. मीटरवाला गेला. ती आत आली. मटाराचे दाणे पुन्हा पातेल्यात पडत होते, पूर्वीसारखेच, जरा जास्तच एकसारखे. "आज जायचंय ना तिकडे?" भाऊ म्हणाला. "हो, आवर," ती म्हणाली, आणि आतल्या खोलीत जाऊन तिने पर्स खाटेवर ठेवली, मग उचलून कपाटात ठेवली, मग पुन्हा खाटेवर आणली.

हाताने केलं, मी नाही केलं, असं तिने आरशासमोर वेणी घालताना स्वतःला सांगून पाहिलं. पण हात काही परके नव्हते. हातांवर तर तिचं पोट होतं. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये ती तरुणपणापासून कामाला होती. दवाखान्यांतून जबड्यांची मापं येत, त्यांत प्लास्टर ओतायचं, ते सुकलं की त्यावर मेणाची हिरडी चढवायची आणि त्या मेणात एकेक दात बसवत जायचं. माणूस कधी दिसत नसे. वरचा जबडा, खालचा जबडा, डब्यावर एक नंबर. सगळे दात अगदी सरळ रांगेत बसवले की कवळी दुरून खोटी दिसते, म्हणून ती एखादा दात किंचित कलता बसवायची, आणि कुठला कलता बसवायचा हे तिचा अंगठाच ठरवायचा. तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तेच हात. म्हणजे आज जे झालं ते कुणी ठरवलं? वेणी घालून झाली, तिने ती पुन्हा सोडली. दमल्यासारखं वाटत होतं. सकाळीच दमायचं हे अलीकडचं होतं, भाऊ घरी आल्यानंतरचं. तो तुरुंगात होता तेव्हा ती संध्याकाळी दमायची, ज्यात निदान तर्क होता.

त्याला पकडलं त्या दुपारी लॅबमध्ये मेण उकळून काढायचं काम चाललं होतं आणि सगळ्या खोलीत तो गोडसर, ओशट वास भरला होता. अजूनही मेण वितळलं की ती उठून खिडकी उघडते. फोन रुग्णालयाच्या रखवालदाराने केला होता. भाऊ तिथे यंत्रं दुरुस्त करायच्या कामावर होता. कुणाच्या पोटात उतरवून आत बघायची एक महागडी दुर्बीण भांडारातून नाहीशी झाली होती. भांडाराची किल्ली तिघांकडे होती, पण तिघांत कंत्राटावर तो एकटाच होता. पोलीस ठाण्यातल्या बाकावर ती जाऊन बसली तेव्हा तिथला अधिकारी फार सभ्यपणे म्हणाला होता, "चौकशीला बोलावलंय फक्त. संध्याकाळी येईल घरी. तुम्ही कशाला थांबता?" आणि ती खरंच उठून घरी आली होती, त्याच्यासाठी भात जास्त टाकला होता. ती संध्याकाळ किती लांबली! तिच्यात कितीतरी ऋतू आले नि गेले, घरमालकाने जिन्याला रंग दिला, शेजारच्या मुलीचं लग्न होऊन तिला मूल झालं, आणि दुर्बीण काही सापडली नाही. खटला सुरूही झाला नाही. एकदा साक्षीदार पोलीस बंदोबस्तावर होता, एकदा कैद्यांना आणायला गाडी नव्हती, एकदा न्यायाधीशांची बदली झाली आणि नवे यायचे होते. प्रत्येक वेळी पुढची तारीख. भिंतीला टेकून उभं राहायचं, नाव पुकारलं की आत शिरायचं, आणि घसा खाकरायच्या आत बाहेर यायचं.

गंमत अशी, की जामीन मंजूर झाला होता. फार लवकर झाला होता. सरकारने नेमून दिलेल्या वकीलबाईंनी बाहेर येऊन ते सांगितलं तेव्हा तिला रडू आलं होतं, आणि घरी येऊन तिने त्याच्या खाटेवर नवी चादर घातली होती. मग वकीलबाईंनी फोनवर उरलेलं सांगितलं. याच शहरात स्वतःचं घर किंवा जमीन असलेले दोन जामीनदार हवेत. तो पळाला तर त्यांच्यावर येईल. तिचं घर भाड्याचं. ती काकांकडे गेली. काकांनी छताकडे बघत बघत सगळं ऐकलं आणि म्हणाले, "माझा विश्वास आहे गं. लहानपणापासून बघतोय त्याला. पण घर तुझ्या काकूच्या नावावर." आतून काकूने भांडी वाजवली, तेवढंच. लॅबचे मालक जास्त सरळ होते. "सही करीन मी," ते म्हणाले, "पण मग मला झोप यायची नाही, आणि रोज तुमच्याकडे बघून माझ्या मनात तेच येईल. ते तुम्हाला आवडेल का?" तिला ते आवडलं नसतं. पुढे ती कुणाकडे गेली नाही. चादर तशीच राहिली, धूळ बसली की ती झटकायची आणि पुन्हा घालायची. जामीन झालेला आणि तरी आत बसलेला माणूस, हे शेजाऱ्यांना समजावून सांगता येत नसे. ते म्हणत, "असेल काहीतरी, उगाच कशाला ठेवतील," आणि तिला राग येण्याऐवजी तेही एक कारण वाटायचं. भाऊच एकदा भेटीत हसून म्हणाला होता, "आम्हाला कच्चे कैदी म्हणतात, ताई. म्हणजे अजून पिकलो नाही. पिकल्यावर काढणार बहुतेक." तेव्हा तो हसायचा. नंतर नंतर तो तिच्याच बातम्या विचारत राहायचा आणि उत्तर ऐकत नसे.

"ताई," बाहेरून आवाज आला. "पाणी घेऊ का?"

"अरे घे ना!" ती नको तेवढ्या जोरात म्हणाली. हेच. आल्यापासून हेच. पाणी घेऊ का, दिवा लावू का, खिडकी उघडू का. पहिल्या दिवशी त्याने फ्रिजसमोर उभं राहून विचारलं तेव्हा ती हसली होती, तुझंच घर आहे म्हणाली होती. पुढे तिने ऐकू न आल्यासारखं केलं, मग एकदा चिडली. तो विचारायचा थांबला नाही; जसा कुणी जिना चढताना कठड्याला हात लावत जातो तसं ते त्याचं झालं होतं. आणि आज तिच्या पर्सने त्याला उत्तर दिलं होतं. तिने वेणी पुन्हा घातली. बाहेर आली तेव्हा तो शर्टाची बटणं लावत होता. पुढचा दात तिने बसवलेला. आत असताना पडला होता त्याचा, कसा ते त्याने कधी सांगितलं नाही. आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने मालकांना न विचारता तो बनवला होता, रंग जुळवायला तीन छटा करून बघितल्या होत्या. त्या दातासाठी तिने जेवढे प्रश्न विचारले, चावताना टोचतो का, जिभेला लागतो का, तेवढे त्या सगळ्या काळाबद्दल मिळून विचारले नव्हते. त्याला आठवण नको म्हणून, असं ती म्हणायची. लोक हे ऐकून मान डोलवायचे.

दोघं चालत निघाले. सभागृह फार लांब नव्हतं. कच्च्या कैदेबद्दल आणि जामिनाच्या अटींबद्दल नवे नियम सुचवायला एक समिती नेमली होती, आणि ती शहरोशहरी फिरून लोकांचं ऐकून घेत होती. वकीलबाईंनी त्याला बोलायला बोलावलं होतं. त्यांचा उत्साह तिला फोनवरही सोसत नसे. "घर नसलेल्या माणसाला घरवाला जामीनदार मागायचा, हे थांबलं पाहिजे हो," त्या म्हणाल्या होत्या. "स्वतःच्या सहीवर सोडा म्हणावं. आणि दुसरं, लोक कंटाळून गुन्हा कबूल करतात, हे त्यांना कुणीतरी स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं." मग जरा थांबून म्हणाल्या होत्या, की त्याची कबुलीसुद्धा वरच्या कोर्टात मागे घेता येईल, प्रयत्न करता येईल, फक्त खटला पहिल्यापासून सुरू होईल आणि कदाचित त्याला काही काळ पुन्हा आत जावं लागेल. "नको," ती म्हणाली होती. फोन तिच्याच हातात होता. भाऊ शेजारी बसून तिच्या तोंडाकडे बघत होता.

रस्त्यात तो तिच्या अर्धं पाऊल मागे चालत होता. पूर्वी पुढे असायचा. तिने वेग कमी केला की त्याचाही कमी होई. पर्स तिने खांद्याला लावली होती, त्याच्या बाजूच्या खांद्याला, मुद्दाम. आणि चालताना ती त्याच्या कोपराला घासत होती आणि तो अंग चोरत होता. असलं नाटक करण्यापेक्षा काहीतरी बोलावं. सकाळी मी पर्स उचलली ना, ती सवयीने. सवय नव्हती. मीटरवाला कसा असेल कोण जाणे म्हणून. पण बेल वाजली तेव्हा बाहेर कोण आहे तेच माहीत नव्हतं. एक औषधाचं दुकान गेलं, एक सलून गेलं, कुणीतरी फुटपाथवर सायकल आडवी लावली होती ती ओलांडली. कुठेतरी ते दुसरं दृश्य खाली वाहत होतं, त्याच्यावर ती कितीही दुकानं ठेवत गेली तरी. कारागृहाची भेटीची खोली. मध्ये काच, दोन्हीकडे फोन. फोनच्या रिसीव्हरला आधीच्या सगळ्यांच्या तोंडांचा वास. तिला तोंडांची सवय, तरी तो वास सहन होत नसे. त्या दिवशी तिच्याकडे निरोप होता. सरकारी वकील म्हणत होते, गुन्हा कबूल केला तर जेवढं आत राहून झालं तेवढीच शिक्षा देऊ, म्हणजे त्याच दिवशी घरी. नाही केला तर खटला चालेल, कधी चालेल ते सांगता येत नाही. वकीलबाई म्हणाल्या होत्या, "मी त्याला दोन्ही बाजू सांगितल्यात. तो म्हणतो, ताईला विचारा." मग ताईने काचेपलीकडे पाहिलं. दात पडलेला, केस पातळ झालेले, खोकला. "हो म्हण," ती फोनमध्ये म्हणाली. "एकदा हो म्हण आणि सुट." तो खोकत होता. खोकला थांबल्यावर म्हणाला, "पण ताई, मी…" आणि ती म्हणाली, "ते सगळं नंतर. आधी घरी ये." कोर्टात न्यायाधीशांनी त्याला विचारलं, कुणाच्या दबावाखाली सांगत नाही ना, तेव्हा त्याने मागे वळून तिच्याकडे पाहिलं होतं. तिने मान हलवली होती. तो समोर वळून म्हणाला होता, कबूल आहे. आणि ती त्याला घेऊन घरी आली, चादर झटकली, आणि ते नंतर काही आलंच नाही. नोकरीसाठी तो जिथे जाई तिथे पोलिसांचा दाखला मागत. दाखल्यावर चोर असं लिहिलेलं नसतं, कलम लिहिलेलं असतं, पण ते वाचता येणारे लोक सगळीकडे असतात.

सभागृहात पंखे फार जोरात फिरत होते आणि समोरच्या टेबलावरचे कागद पाण्याच्या बाटल्यांखाली दाबून ठेवले होते. समितीत तिघं. मध्ये एक निवृत्त न्यायाधीश, थकलेल्या, मायाळू डोळ्यांचे. एका बाजूला चष्मा कपाळावर सरकवलेल्या प्राध्यापिका. दुसऱ्या बाजूला एक सरकारी अधिकारी, ज्यांचं पेन सतत चालू होतं. ती शेवटच्या रांगेत बसली. आधी एका म्हाताऱ्या बापाचं झालं. त्याचा मुलगा आतच वारला होता, तारखेच्या आदल्या दिवशी. बापाला नेमकं काय मागायचं ते सांगता येईना, तो नुसता तारीख सांगत राहिला आणि न्यायाधीश प्रत्येक वेळी "हो, हो," म्हणत राहिले. मग वकीलबाईंनी भावाला खूण केली. तो उभा राहिला, ध्वनिक्षेपक किंचाळला, कुणीतरी येऊन तो बंद करून परत लावला. न्यायाधीशांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "घाई नाही. तुम्ही गुन्हा कबूल केलात, तो का केलात? पोलिसांनी, वकिलांनी, तुरुंगातल्या कुणी दडपण आणलं होतं का?"

तिने पर्सचा बंद घट्ट धरला. आता तो सांगेल. ताईने सांगितलं म्हणून. आणि सगळ्या माना मागे वळतील. तिला ते हवं होतं असंही वाटलं, निदान वळू देत एकदा.

"नाही साहेब," भाऊ म्हणाला. "कुणीही दडपण आणलं नव्हतं. मी सगळ्या बाजूंनी नीट विचार केला आणि माझा निर्णय मी स्वतः घेतला."

"घरच्यांनी काही…?"

"घरच्यांचा याच्याशी काहीही संबंध नाही."

तिने मान वर केली. असं तो कधी बोलत नसे. लहानपणापासून त्याची वाक्यं मध्येच सुटायची, कर्ता एकीकडे आणि क्रियापद दुसऱ्याच दिवशी, ती चिडवायची त्यावरून. ही वाक्यं सरळ रांगेत बसवलेली होती, एकही दात इकडेतिकडे नाही. घरून तयार करून आणली होती. केव्हा? रात्री? की सकाळी, मटार सोलताना, पर्स बघितल्यावर? अधिकाऱ्यांनी पेन थांबवलं आणि समाधानाने म्हणाले, "म्हणजे स्वेच्छेने." आणि लिहिलं. प्राध्यापिकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, काही विचारायला तोंड उघडलं, मग तेही राहिलं. वकीलबाई उभ्याच होत्या. "सर, मी एवढंच म्हणते, की इतका काळ आत ठेवल्यावर स्वेच्छा म्हणजे…" "ते मुद्दे तुमच्या निवेदनात आलेत," न्यायाधीश म्हणाले. "त्यांचं मत त्यांनी सांगितलं. आभारी आहोत. पुढचे कोण?" ती उठायला गेली होती. गुडघे सरळ झाले होते, समोरच्या खुर्चीच्या पाठीवर हातही ठेवला होता. पण पुढची बाई केव्हाच ध्वनिक्षेपकापाशी पोचली होती, कडेवर मूल, आणि बोलायला लागलीसुद्धा होती. त्या बाईला थांबवून ती काय सांगणार होती?

बसथांब्यावर सावली नव्हती. ऊन सरळ डोक्यावर. येताना चालत आले होते, जाताना दोघांपैकी कुणालाच चालवेना. वकीलबाई सभागृहाच्या दारात त्याला एवढंच म्हणाल्या होत्या, "तुम्ही असं बोलायला नको होतं. तुमच्यासारखे अजून किती आत आहेत," आणि आत निघून गेल्या होत्या. एक बस आली, त्यांची नव्हती.

"खोटं का बोललास?" तिने विचारलं.

"कुठे?"

"कुठे काय. तिथे."

"मग काय सांगायला हवं होतं?" तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "तुझं नाव सांगू? त्यांनी लिहून घेतलं असतं. ते छापतात नंतर, सगळं. तू लॅबमध्ये… लोक वाचतात. आपल्या घरातलं त्यांना कशाला."

"मी काय एवढी मोठी लागून गेले की लोक वाचतील!"

तो हसला. ती हसली नाही. मग तो आवाज न चढवता, जवळजवळ सहज म्हणाला, "सकाळी पर्स उचललीस ना, मला वाईट नाही वाटलं. म्हणजे वाटलं. पण आश्चर्य नाही वाटलं. तू एकदाही विचारलं नाहीस ताई. पोलिसांनी विचारलं, साहेबांनी विचारलं, आत तर रोज कोणी ना कोणी विचारायचं, घेतलीस का रे दुर्बीण, कुठे विकलीस. स्वैपाकघरातला माणूससुद्धा. तू नाही. मला वाटायचं, तुला माहितीच आहे. मी नाही घेतली हे. मग नंतर वाटायला लागलं, की तुला माहितीच आहे… म्हणजे उलटं."

ती म्हणणार होती, मी कधीच तसं मानलं नाही. ते शब्द तोंडात तयारही होते आणि खरेही होते, कारण तिने काहीच मानलं नव्हतं. ते तिने मोकळं ठेवलं होतं, एखादी खोली वापरात नाही म्हणून बंद ठेवावी तसं. "घेतलीस का?" तिने विचारलं.

"आत्ता विचारतेस?"

"आत्ता."

"नाही घेतली गं," भाऊ म्हणाला. "मी त्या दिवशी… भांडारात गेलोच नव्हतो. वरच्या मजल्यावर ते एक यंत्र बिघडलं होतं, पट्टी तुटली होती त्याची, ती शोधत… जाऊ दे. नाही घेतली."

आणि तिला वाटलं होतं, हे ऐकल्यावर छातीवरचं काहीतरी उतरेल. उतरलं नाही. उन्हात उभ्या उभ्या तिला इतकं थकल्यासारखं झालं, की तिने थांब्याचा खांब धरला. तो तापलेला होता आणि तरी तिने हात काढला नाही. त्याने दुर्बीण घेतलेली असती तर किती सोपं होतं! मग ती जे काचेपलीकडून म्हणाली होती त्यात काहीच गेलं नसतं त्याचं. चोराने चोरी कबूल केली, सुटला, घरी आला, पांघरूण घेऊन झोपला. तिलाच तो चोर असायला हवा होता. रोज थोडा थोडा. फ्रिजसमोर, खाटेवर, दाखला घेऊन परत आल्यावर जिन्यात. हातांनी आज तेवढंच बाहेर काढून दाखवलं होतं. त्याने घेतली नव्हती, म्हणजे त्याच्या आयुष्यावर ते कलम तिने स्वतः, दोन वाक्यांत, घाईघाईने लावलं होतं, वेळ संपत आली म्हणून. तिने त्याच्याकडे पाहिलं. कानापाशी केस पांढरे झाले होते. हा चेहरा इतक्या जवळून तिने किती दिवसांत पाहिला नव्हता. जबड्याचं माप घेणाऱ्या डॉक्टरांना दिसतो तसा तो दिसत होता, पूर्ण, तोंडाच्या आजूबाजूलाही माणूस असलेला.

"वकीलबाई म्हणाल्या होत्या ना," तो म्हणाला, "ते मागे घेता येतं."

"हो."

"तू नको म्हणालीस."

"हो." आणि तिच्या आत तो जुना आवाज लगेच उठला, अगदी तयार, अगदी समंजस. कशाला पुन्हा ते सगळं. आत गेलास तर किती दिवस लागतील. नवे नियम अजून नुसते बोलण्यातच आहेत, जामीनदार पुन्हा मागितले तर कोण उभं राहणार, काका आता आणखी म्हातारे झालेत. दोघं आहोत, जेवतोय, दार लावून झोपतोय, पुष्कळ झालं. सगळं खरं होतं. तो वाट बघत होता, तिच्या तोंडाकडे बघत, कोर्टात वळून बघितलं होतं तसंच. त्यांची बस आली, दार उघडलं, चालकाने दोघांकडे पाहिलं, आणि दार बंद झालं.

"तुला काय करायचंय?" तिने विचारलं.

त्याला हे अपेक्षित नसावं. तो गोंधळला. खिशात हात घातले, काढले. "मला ते… जिथे जाईन तिथे ते आधी पोचतं गं. मी उशिरा पोचतो. आत जायची भीती वाटते. खूप वाटते. पण हे…" त्याने हाताने रस्ता, थांबा, स्वतःचा शर्ट असं काहीतरी दाखवलं. "हे पण काही बाहेर नाहीये."

ते परत गेले. या वेळी तो अर्धं पाऊल पुढे होता की बरोबर, तिच्या लक्षात आलं नाही. ती खाली बघून चालत होती. समितीची जेवणाची सुट्टी झाली होती. वकीलबाई सभागृहाच्या पायऱ्यांवर एकट्याच डबा उघडून बसल्या होत्या, चपला काढून. या दोघांना पाहून त्यांनी घास तसाच हातात धरला.

"आता काय राहिलं?" त्या म्हणाल्या. रागावलेल्याच होत्या.

"मगाशी मी सांगितलं ते… तसं नव्हतं," भाऊ म्हणाला. "आणि ते वरचं कोर्ट. ते करायचं असेल तर मला परत आत…"

"कदाचित. मी आधीच सांगितलंय. या वेळी तुम्हाला तुमच्या स्वतःच्या सहीवर सोडा म्हणून भांडेन मी, अलीकडे काही न्यायाधीश ऐकतात. पण हमी देता येत नाही." त्यांनी घास डब्यात ठेवला आणि सवयीने तिच्याकडे वळल्या, जसे सगळे वळत, पोलीस, काका, डॉक्टर, आई गेल्यानंतर घरात आलेला प्रत्येक माणूस. "ताई, तुमचं काय म्हणणं? नीट विचार केलाय ना तुम्ही?"

भाऊही तिच्याकडे बघत होता. तिच्या आतल्या भीतीला बोलायचं होतं. आतापर्यंत घरात तिच्या तोंडून नेहमी तीच बोलत आली होती, आणि सगळ्यांना ते शहाणपण वाटत आलं होतं.

"मला नका विचारू," ती म्हणाली. "त्याला विचारा."

वकीलबाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि पायरीवर सरकून जागा केली. भाऊ बसला. मग तो सांगू लागला, तुटक, मागचं पुढे आणि पुढचं मागे, वरच्या मजल्यावरच्या त्या बिघडलेल्या यंत्रापासून. आणि ती खालच्या पायरीवर, उन्हात, त्याच्याकडे पाठ न करता उभी राहिली आणि ऐकत राहिली.